परवान्यासाठीची वैद्यकीय तपासणी कागदावरच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाहन परवान्याचे नूतनीकरण करताना चाळिशी उलटलेल्या अर्जदाराकडून जे वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले जाते, ते प्रत्यक्ष तपासणीशिवायही मिळते, हे प्रादेशिक परिवहन कार्यालयाची पायरी एकदा तरी चढलेल्या बहुतेकांना ठाऊक आहे. त्याबद्दल आजवर पुष्कळ लिहिले गेले आणि दर वेळी बोट एजंटाकडे किंवा शिक्का मारून देणाऱ्या डॉक्टरकडे दाखवले गेले. माझे म्हणणे असे की, ही माणसे बदलली तरी फारसा फरक पडणार नाही. कारण ज्या नमुन्यात हे प्रमाणपत्र द्यायचे तो ‘फॉर्म १-ए’च अशा रीतीने बेतलेला आहे की, तो भरण्यासाठी अर्जदाराला तपासावेच लागत नाही. मी ग्रामीण रुग्णालयांत नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून नोकरी केली असून लोकांचे डोळे तपासण्यातच माझी उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे पुढील विवेचनात डोळ्यांना झुकते माप मिळाले आहे, ते वाचकांनी समजून घ्यावे.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १५ नुसार परिवहन वाहनाच्या, म्हणजे ट्रक, बस अशा धंद्याच्या वाहनाच्या परवान्याचे नूतनीकरण असेल तर कोणत्याही वयात, आणि खासगी वाहनाचा परवाना असेल तर अर्जदाराने वयाची ४० वर्षे पूर्ण केलेली असल्यास, अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याहून लहान वयाच्या खासगी वाहनचालकाने ‘फॉर्म १’मध्ये आपल्या प्रकृतीविषयी स्वतःच घोषणा करायची असते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यांच्या मुदती बदलल्या. तिशीच्या आत काढलेला परवाना वयाच्या चाळिशीपर्यंत चालतो. ३० ते ५० या वयात काढला किंवा त्याचे नूतनीकरण केले तर १० वर्षे. ५० ते ५५ या वयात केले तर साठीपर्यंत. आणि ५५ नंतर दर वेळी ५ वर्षे. परिवहन वाहनाच्या परवान्याची मुदत ३ वर्षांची ५ वर्षे झाली. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो.

हे कोष्टक वरवर नेटके दिसते. पण त्यात माणसे बसवून पाहिली की फटी दिसू लागतात. ज्याच्या परवान्याची मुदत चाळिसाव्या वाढदिवसाला संपते, तो वयाला ३९ वर्षे पूर्ण झाल्यावरच अर्ज करू शकतो. त्या दिवशी त्याने चाळिशी गाठलेली नसते, म्हणून डॉक्टरचा प्रश्नच येत नाही, आणि तेथून पन्नाशीच्या उंबरठ्यापर्यंत तो स्वतःच्या घोषणेवर गाडी चालवत राहतो. मधुमेह, रक्तदाब आणि काचबिंदू हे तिन्ही आजार आपल्याकडे याच वयात डोके वर काढू लागतात आणि तिन्ही आरंभी काहीच त्रास देत नाहीत. ज्याने ४९ व्या वर्षी नूतनीकरण केले, त्याची पुढची गाठ थेट साठीच्या आसपास. मधुमेह्याने डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासून घ्यावा, असे आम्ही प्रत्येक रुग्णाला बजावत आलो. परवान्याच्या हिशेबात मात्र त्याला १० वर्षांची सूट आहे. दुसऱ्या टोकाला पाहावे, तर ५५ नंतर वयाची आणखी कोणतीही पायरी कायद्याने ठेवलेली नाही. ५६ वर्षांच्या गृहस्थाला जी ५ वर्षे मिळतात, तीच ८१ वर्षांच्या आजोबांनाही मिळतात.

यात आता मालवाहू टेम्पोची भर पडली आहे. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीला ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे परिवहन वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला होता आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. परवान्यावर अमुक नोंद नाही एवढ्या तांत्रिक कारणावरून अपघातग्रस्तांची भरपाई अडू नये, या दृष्टीने हा निकाल योग्यच आहे. लहान वाहनांच्या चालकांच्या पोटापाण्याचा प्रश्नही त्यात होता. परंतु त्याचा एक परिणाम फारसा कोणी बोलून दाखवलेला नाही. विसाव्या वर्षी हलक्या वाहनाचा परवाना काढलेला तरुण रोज पहाटे भाजीपाल्याचा टेम्पो घेऊन बाजार समितीत जाऊ लागतो आणि वयाची चाळिशी येईपर्यंत, म्हणजे तब्बल २० वर्षे, त्याला कोणत्याही डॉक्टरसमोर उभे राहावे लागत नाही. परिवहन वाहनाची वेगळी नोंद आवश्यक होती तेव्हा याच माणसाला दर ३ वर्षांनी प्रमाणपत्र आणावे लागे. ते तो कसे आणत असे हा भाग निराळा. निदान कागदावर तरी ते होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ‘फॉर्म १-ए’मध्ये डॉक्टरला काय विचारले आहे? अर्जदाराच्या दृष्टीत काही दोष आहे का आणि असल्यास तो चष्म्याने दुरुस्त झाला आहे का. रंग ओळखण्यात त्याला तीव्र दोष आहे का. दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट त्याला वाचता येते का. वाहनांचे नेहमीचे भोंगे ऐकू येणार नाहीत इतके बहिरेपण आहे का. रातांधळेपणा आहे का. वाहन चालवण्याच्या आड येईल असे हातापायांचे काही व्यंग आहे का. शेवटी रक्तगट, तोही ऐच्छिक. उत्तरे ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी, आणि तीही डॉक्टरच्या मताप्रमाणे. उजव्या डोळ्याची दृष्टी किती, डाव्याची किती, चष्म्यासह किती आणि चष्म्याविना किती, रक्तदाब काय आहे, साखर कधी तपासली होती, यांपैकी एकही आकडा लिहायला त्या कागदावर जागा नाही. असा कागद तपासून भरला काय किंवा न तपासता भरला काय, वाचणाऱ्याला फरक कळण्याची सोयच नसते. परिवहन कार्यालयातील लिपिक किंवा मोटार वाहन निरीक्षक कितीही सचोटीचा असला, तरी समोर आलेल्या सहा ‘होय-नाही’वरून तो काय ताडणार? शाळकरी मुलांच्या नेत्रतपासणीतसुद्धा आम्ही प्रत्येक मुलाच्या दोन्ही डोळ्यांचे आकडे वेगवेगळे लिहीत होतो, आणि त्या मुलांना तर अजून सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती.

माझ्या स्वतःच्या परवान्याचे नूतनीकरण करताना एका परिवहन कार्यालयासमोरच्या ओळीत, झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोच्या दुकानांना लागून असलेल्या एका गाळ्यात डॉक्टरांकडे जाण्याचा योग आला. गाळा जेमतेम आठ-दहा फूट खोल. टेबलावर शाईचे पॅड, दोन शिक्के, स्टेपलर आणि फोटो चिकटवून ठेवलेल्या फॉर्मांचा गठ्ठा. भिंतीवर अक्षरांचा दृष्टितक्ता होता, पण तो दाराच्या मागे; दार उघडे असेपर्यंत झाकलेला, आणि दार तर दिवसभर उघडेच. हा तक्ता ६ मीटरवरून वाचून घ्यायचा असतो आणि जागा अपुरी असेल तर ३ मीटरवर आरसा लावून. येथे आरसा नव्हता, तीन मीटरही नसावेत. मला विचारलेला एकमेव प्रश्न म्हणजे, “तीळ कुठे आहे?” कारण ओळखचिन्हाचा रकाना रिकामा राहिला तर अर्ज परत येतो. माझ्या नाकावर चष्मा आहे हे त्यांनी पाहिले असावे, असे मी गृहीत धरतो. प्रमाणपत्राचे शुल्क वेगळे द्यावे लागले नाही. बरोबर आलेल्या एजंटाच्या एकूण रकमेत ते आधीच धरलेले होते. पुढे कामकाज संगणकावर गेले, मार्च २०२१ मध्ये केंद्राने नूतनीकरणासह अठरा सेवा आधार पडताळणीवर घरबसल्या देण्याचे ठरवले, आपल्याकडे डॉक्टरांनी परवान्यांच्या ‘सारथी’ या संगणकीय प्रणालीत नोंदणी करून प्रमाणपत्र ऑनलाइन चढवण्याची पद्धत आली. रांग कमी झाली हे खरेच, आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण फॉर्मची घडण तीच राहिली. पूर्वी न तपासता शिक्का उठत होता, आता न तपासता बटण दाबता येते.

खरी तपासणी फार खर्चिक किंवा वेळखाऊ असते, असाही एक समज आहे. मोतीबिंदूच्या शिबिरात आम्ही एका माणसाला किती वेळ देत असू हे ज्यांनी पाहिले आहे, ते हा समज बाळगणार नाहीत. एक डोळा झाकून तक्ता वाचून घेणे, मग दुसरा, मग चष्म्यासह दोन्ही. हे तीन-चार मिनिटांचे काम. रंगदृष्टीसाठी ठिपक्यांची पुस्तिका असते. तिच्या पहिल्या पानावरचा १२ हा आकडा रंगांधळ्यालाही वाचता येतो, कारण ते पान परीक्षा कशी द्यायची हे समजावण्यासाठीच असते. म्हणून पहिलेच पान दाखवून ‘रंगदृष्टी उत्तम’ असे लिहिणाऱ्याने प्रत्यक्षात काहीच तपासलेले नसते. तिसरी गोष्ट बाजूच्या दृष्टीची. अर्जदारासमोर हातभर अंतरावर बसायचे, त्याने एक डोळा झाकायचा, आपण आपला समोरचा झाकायचा, त्याने आपल्या नाकाकडेच पाहत राहायचे आणि आपण बोटे हलवत चारही बाजूंनी हात आत आणायचा; आपल्याला बोट दिसले त्याच सुमारास त्यालाही दिसले पाहिजे. याला ना यंत्र लागते ना वीज. ‘फॉर्म १-ए’मध्ये बाजूच्या दृष्टीबद्दल एक अक्षरही नाही, आणि माझ्या मते त्या नमुन्यातील ही सर्वांत मोठी उणीव आहे.

ती का, हे एका रुग्णावरून सांगतो. पन्नाशीतले एक टेम्पोचालक चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून आमच्याकडे आले होते. तक्त्यावरची ६/९ ची, म्हणजे जवळजवळ निर्दोष नजरेची, ओळ त्यांनी दोन्ही डोळ्यांनी न अडखळता वाचली. तक्रार एवढीच की, अलीकडे गाडीच्या डाव्या अंगाला वरचेवर घासते आणि घरात चालताना दाराच्या चौकटी खांद्याला लागतात. बोटे हलवून पाहिले, तर माझा हात जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत त्यांना तो दिसत नव्हता. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची बाजूची दृष्टी खाऊन टाकली होती आणि मध्ये नळीतून दिसावे तेवढेच शिल्लक होते. त्यांचा परवाना नुकताच नूतनीकरण होऊन आला होता. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, एखाद्या प्रामाणिक डॉक्टरने त्यांना खरोखर मैदानात नेऊन २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचायला लावली असती, तरी ते उत्तीर्णच झाले असते. गल्लीतून धावत येणारे मूल, डावीकडून येणारी दुचाकी, रस्त्याकडेने चालणारी माणसे यांतले काही त्यांना दिसत नव्हते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. पण पाच वर्षे आधी कोणी त्यांच्यासमोर बसून दोन मिनिटे बोटे हलवली असती, तर उरलेली बरीचशी वाचली असती.

म्हणूनच या तपासणीकडे केवळ परवाना अडवण्याचे साधन म्हणून पाहणे मला पटत नाही. आपल्याकडचा कमावता पुरुष आजारी पडल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाही. चाळीस ते साठ या वयात, काही दुखत-खुपत नसताना, त्याला कायद्याने डॉक्टरसमोर आणणारे जे मोजके प्रसंग आहेत, त्यांतला परवान्याचे नूतनीकरण हा एक. त्या वेळी दोष सापडला तर बहुतेकांचा परवाना जाणारही नाही. कोणाचा चष्मा बदलेल, कोणाचा मोतीबिंदू निघेल. १९७६ पासून देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि त्यात ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. शस्त्रक्रियेनंतर महिन्या-दीड महिन्याने नवा चष्मा लावून आलेला माणूस पुष्कळदा पूर्वीपेक्षा उत्तम वाचतो. तो प्रसंग आपण “तीळ कुठे आहे?” यावर घालवतो.

२५ मीटरच्या कसोटीबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर अंतर तोडते. म्हणजे ही कसोटी सव्वा सेकंदापुढचेही पाहत नाही. शिवाय ती दिवसाच्या चांगल्या उजेडातली. मोतीबिंदूची सुरुवात झालेला माणूस दिवसा तक्ता बऱ्यापैकी वाचतो आणि रात्री समोरून प्रखर दिव्यांची गाडी आली की त्याच्या डोळ्यांपुढे पांढरा पडदा येतो. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो. भर दुपारच्या उन्हातून त्यात शिरल्यावर तरुण डोळा चटकन जुळवून घेतो, साठीचा डोळा वेळ घेतो आणि तेवढ्यात पुढच्या ट्रकचे मागचे दिवे लागलेले नसले तर काय होईल ते सांगायला नको. फॉर्ममध्ये रातांधळेपणाचा प्रश्न आहे, पण दिव्यांनी दिपण्याचा नाही. “रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांचा त्रास होतो का?” एवढे साधे विचारले तरी आमच्या अनुभवाप्रमाणे लोक खरे सांगतात, कारण तो त्रास त्यांना स्वतःलाही नको असतो.

झोपेचेही तसेच. जो माणूस झोपेत मोठ्याने घोरतो, मध्येच श्वास अडकून दचकून उठतो आणि दिवसा बसल्या जागी पेंगतो, तो रात्रीच्या गाडीवर किती धोकादायक आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्याच्या बायकोला ते माहीत असते. फॉर्मला माहीत नसते.

आजार लपवण्याचा प्रश्न मात्र यापेक्षा अवघड आहे. ‘फॉर्म १’मध्ये पहिलाच प्रश्न फिट येण्याचा आणि कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपण्याचा किंवा चक्कर येण्याचा आहे. तेथे ‘होय’ म्हटले की परवान्याची वाट बंद. वर्षानुवर्षे गोळ्या नियमित घेऊन एकदाही फिट न आलेला माणूस आणि गेल्या महिन्यात फिट येऊन पडलेला माणूस यांत हा कागद भेद करत नाही. ब्रिटनमध्ये साधारणतः वर्षभर फिट आली नाही तर खासगी मोटारीचा परवाना परत मिळू शकतो, आणि मालमोटारीसाठी अटी कितीतरी कडक आहेत. आपल्याकडे मधला मार्गच नसल्यामुळे दोघेही ‘नाही’ असेच लिहितात, आणि मग जो खरोखर धोक्याचा आहे तोही त्यात सुखरूप दडून जातो. इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेह्याची साखर अचानक उतरली तर त्याला घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, काय करतो आहे ते सुचत नाही. त्याने गाडी चालवूच नये असे कोणी म्हणणार नाही; निघण्यापूर्वी साखर पाहावी, खिशात खडीसाखर ठेवावी, असे त्याला कोणीतरी बसवून सांगायला हवे. जो आपला आजार लिहायलाच घाबरतो, त्याला हे कोण सांगणार?

नियम शहाणपणाने बदलता येतात, याचे उदाहरणही आपल्याच देशात आहे. पूर्वी रंगदृष्टीत थोडासा दोष असला तरी परवाना नाकारला जाई. जून २०२० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने नियमांत दुरुस्ती करून सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना परवान्याची वाट मोकळी केली आणि तीव्र दोषापुरती मनाई ठेवली. सिग्नलचा लाल दिवा वर असतो आणि हिरवा खाली, हे त्या माणसाला रंगावाचूनही कळते. अशीच पायरी-पायरीची रचना फिट, मधुमेह आणि दृष्टिक्षेत्र (म्हणजे बाजूची दृष्टी) यांच्याबाबतीत का होऊ नये?

ज्येष्ठ नागरिकांच्या संघटना या विषयावर साशंक असतात, आणि त्यांची शंका रास्त आहे. रस्त्यावरचे बेफाम वेगाचे प्रताप बहुतांशी तरुणांचे असतात आणि तपासणीचा जाच मात्र म्हाताऱ्यांना, असे होता कामा नये. जपानमध्ये वयाच्या ७५ नंतर नूतनीकरणाच्या वेळी स्मरणशक्ती आणि आकलनाची चाचणी घेतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात ७५ नंतर दरवर्षी वैद्यकीय तपासणी असते, आणि ८५ नंतर एकतर रस्त्यावर चाचणी द्यायची किंवा घराच्या आसपासच्या भागापुरता मर्यादित परवाना घ्यायचा. ब्रिटनमध्ये ७० नंतर दर ३ वर्षांनी नूतनीकरण होते, पण अर्जदाराच्या स्वतःच्या घोषणेवर. यांतले जसेच्या तसे उचलण्याजोगे काही नाही. मर्यादित परवान्याची कल्पना मात्र मला विचार करण्याजोगी वाटते. ज्या गावात एसटी दिवसातून दोनदा येते, तेथे सत्तरीतल्या शेतकऱ्याला ‘तुमची स्कूटर आजपासून बंद’ असे सांगणे म्हणजे त्याला घरी बसवणे आहे. तालुक्याच्या बाजारापर्यंत दिवसाउजेडी जाण्याची मुभा आणि महामार्गावर व रात्री मनाई, अशी सोय कायद्यात असती तर डॉक्टरलाही ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या मधले, म्हणजे खरे, उत्तर लिहिता आले असते.

या सगळ्यामुळे किती अपघात होतात, असा प्रश्न विचारला जाईल. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. मंत्रालयाच्या अहवालात अपघातांची कारणे अतिवेग, मद्यपान, विरुद्ध दिशेने वाहन चालवणे, सिग्नल तोडणे, मोबाइलचा वापर अशा रकान्यांत वाटलेली असतात आणि उरलेले सारे ‘इतर’. चालकाच्या दृष्टीचा किंवा प्रकृतीचा त्यात रकानाच नाही. पंचनामा करणारा हवालदार ब्रेकचे व्रण मोजतो, दारूसाठी रक्त तपासायला पाठवतो. जिवंत राहिलेल्या चालकाचे डोळे तपासायला पाठवल्याचे मी तरी नोकरीत कधी पाहिले नाही. जे मोजलेच जात नाही, ते नगण्य आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

डॉक्टरांची बाजूही मांडली पाहिजे. नीट तपासून एखाद्याला ‘अपात्र’ लिहिणारा डॉक्टर गिऱ्हाईक गमावतो. तोच अर्जदार दहा पावलांवरच्या दुसऱ्या गाळ्यात जाऊन पात्र होऊन येतो. वाद घालणाऱ्या अर्जदाराला दाखवायला डॉक्टरकडे आकडाही नसतो. हा अन्याय आहे. पण वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांत खोटे किंवा दिशाभूल करणारे प्रमाणपत्र देणे हे नोंदणीपुस्तकातून नाव कमी होण्याजोगे गैरवर्तन म्हटले आहे; आणि त्याच विनियमांत प्रत्येक डॉक्टरने दिलेल्या प्रमाणपत्रांची तपशीलवार नोंदवही ठेवावी, प्रमाणपत्रावर रुग्णाचे ओळखचिन्ह, पत्ता व सही किंवा अंगठा घ्यावा आणि प्रमाणपत्राची प्रत जपावी, असे स्पष्ट लिहिले आहे. मी ज्या गाळ्यात गेलो होतो, तेथे माझी सही फॉर्मवर घेतली. वहीत काही नोंद केल्याचे आठवत नाही.

फॉर्म बदलणे हे केंद्राचे काम आहे आणि त्याला लागेल तेवढा वेळ लागेल. राज्य सरकारला मात्र तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. अधिनियमाच्या कलम ८(३) प्रमाणे हे प्रमाणपत्र कोणत्या नोंदणीकृत डॉक्टरने द्यायचे, त्याची नेमणूक करण्याचा अधिकार राज्याचा आहे. आणि ज्याला नेमायचा अधिकार आहे, त्याला नेमणुकीच्या अटीही घालता येतात. प्रत्येक प्रमाणपत्रासोबत दोन्ही डोळ्यांचे आकडे, बाजूच्या दृष्टीचा शेरा, रक्तदाब आणि चालू औषधे यांची अर्ध्या पानाची नोंद जोडावी, एवढी अट परिवहन आयुक्तांनी घातली तरी बिनतपासणीचे काम निम्म्याने अवघड होईल. कारण ‘नाही’ लिहिणे सोपे असते, खोटा आकडा लिहिताना हात जरा थबकतो, आणि पाच वर्षांनी पुढचा आकडा आला की आधीचा उघडा पडतो. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत जेथे नेत्रचिकित्सा अधिकारी आहे, तेथे पुरेशा लांबीची खोली, तक्ता आणि चष्म्याच्या भिंगांची पेटी आधीच असते. आठवड्यातला एक वार परवान्याच्या तपासण्यांसाठी ठेवावा, नोंदी नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याने कराव्यात आणि प्रमाणपत्रावर सही वैद्यकीय अधिकाऱ्याने करावी. शिवाय कलम १६ प्रमाणे, परवानाधारक आजारामुळे वाहन चालवण्यास अपात्र झाला आहे असे मानण्यास सबळ कारण असेल तर परवाना प्राधिकारी मुदतीच्या मध्येही नवे प्रमाणपत्र मागू शकतो. गंभीर अपघातानंतर चालकाच्या बाबतीत तसे कारण दिसत असेल, तर हे कलम वापरायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आणि सुरुवात करायला तर नव्या अटीचीही वाट पाहायला नको. कोणत्या डॉक्टरने कोणत्या दिवशी किती प्रमाणपत्रे चढवली, याची नोंद संगणकीय प्रणालीत असणारच. प्रत्येक जिल्ह्यातून ज्यांची संख्या सर्वाधिक आहे अशा पाच-सहा डॉक्टरांची यादी काढावी आणि त्या दिवसांची त्यांची प्रमाणपत्र-नोंदवही परिवहन आयुक्तालयाने महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेमार्फत मागवून घ्यावी.

आपला,
एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी, सातारा